भोकाची मडकी

शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली, त्या दिवशी दादा जेवला नाही.

दादा माझा थोरला भाऊ. फौजेतून डोक्याला मार घेऊन रहिमतपूरला परतला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, झोप लागली तरच हा उठेल. आणि भिंतीपलीकडे दिवसभर ऑईल इंजिन. गिरणी बंद करा म्हणणार कसं? आमचंही दळण तिथंच जायचं.

भिंतीला वाकळा टांगल्या. पट्ट्याची फडफड, बायकांची बोलणी थांबली. घुमारा मात्र तसाच येत राहिला. कानापेक्षा तो छातीत जाणवे. दादा डोकं धरून पडून राही.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. बाटलीच्या तोंडावर फुंकलं की ती एकाच सुरात घुमते. पोट मोठं, तोंड लहान, तर सूर खालचा. नेमक्या त्या घुमाऱ्याच्या सुराची पोकळी भिंतीशी ठेवली, तर ती तो आपल्यात ओढून घेईल, असं एका पुस्तकात वाचलं होतं.

कुंभाराकडे गेलो. तो म्हणाला, एवढ्या लहान तोंडाचं मडकं घडत नाही. थापताना आत हात जावा लागतो. मग मीच सुचवलं, तोंड मातीनं लिंपून टाकू आणि पोटाला भोक पाडू. त्याचा हात थांबला.

"आवं मास्तर, भोकाचं मडकं जित्या माणसाच्या खोलीत?"

मला ते सुचलंच नव्हतं. आई तर उंबऱ्यात उभी राहिली. मडकी आत येऊ देईना. कुंभारानं शेवटी करून दिलेली मडकी तीन दिवस अंगणातच पडून होती आणि दादाला झोप नव्हती. चौथ्या दिवशी आतून त्याचा आवाज आला.

"आण रं आत. माझ्यासाठी एक लागणारच हाय. चाळीस बघून यमच गोंधळंल."

आई बाजूला झाली. हसली नाही.

प्रत्येक मडक्याच्या भोकाला कान लावून मी मूठमूठ वाळू आत सोडत गेलो. इंजिनाबरोबर मडकं घुमू लागलं की हात आखडायचा. भोकावर विरळ फडकं ताणायचं आणि मडकं भिंतीशी रचायचं. आठवडा गेला. एका दुपारी शेवटचं मडकं रचलं. इंजिन चालू होतं. पुकपुक ऐकू येत होती. छातीतला घुमारा बराच ओसरला होता. दादाचे डोळे मिटले. आईनं त्याच्या नाकाशी बोटं धरली आणि बराच वेळ काढली नाहीत. श्वास चालू होता. तो दिवेलागणीपर्यंत झोपला.

त्यानंतर तो जेवू लागला, अंगणापर्यंत चालू लागला. पुढच्या उन्हाळ्यात ताप डोक्यात गेला आणि तो गेला. तेव्हा कुंभारानं न सांगता नवं मडकं आणून दिलं. भिंतीशी रचलेल्या मडक्यांना आईनं हात लावू दिला नाही.

आता आई नाही. गिरणी विजेवर चालते. मडकी भिंतीशी आहेत, चाळीसच्या चाळीस.