सोनाराच्या मुलीचं प्रोबेशन

वडिलांच्या दुसऱ्या बायकोसमोर मी एका राजाने ठेवलेल्या बाईची गोष्ट सांगितली. तीही हावभावांसकट.

इथे परदेशात, आमच्या शेजारच्या सिटीवेस्टला एका मित्राकडे रविवारचं जेवण होतं. असल्या ठिकाणी मला किस्से सांगायला बोलावतात, असा माझा समज आहे. बायकोच्या मते नुसत्या खुर्च्या भरायला. नुकताच ऑफिसच्या कामाने जर्मनीत जाऊन आलो होतो आणि तिथल्या एका राजवाड्यात गाइडने ऐकवलेली गोष्ट ताजी होती. सोनाराची मुलगी, तिच्यावर राजाचं मन बसलं. राणी हयात असतानाच त्याने तिला जवळ ठेवली, मुलंबाळं झाली. पुढे राणी वारली आणि राजाने हिच्याशी रीतसर लग्न लावलं.

इथे बायको खोकली. मी तिला पाणी दिलं आणि म्हणालो, "म्हणजे बघा, आधी कित्येक वर्षं प्रोबेशन, मग कन्फर्मेशन!"

सगळे आयटीवाले. हसून हसून मेले. मग मला सोफ्याच्या टोकाला त्या दिसल्या. मांडीवर ताट, हातात मोडलेला पुरीचा तुकडा, तसाच.

त्या वडिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. आई असतानाही त्या होत्याच. घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. आई गेल्यावर वर्षभराने दोघांनी रजिस्टर लग्न केलं. फोटो व्हॉट्सॲपवर आला, मी अंगठा पाठवला. आता दोघं तीन महिन्यांसाठी आमच्याकडे टॅलाला आले होते आणि शेवटचा आठवडा उरला होता. इतक्या दिवसांत वडिलांना मी हाक मारायचो, त्यांना एकदाही मारली नव्हती. "चहा घेणार का?" हे मी केटलकडे बघून विचारायचो.

परतताना गाडी मी चालवत होतो, वडील आणि त्या मागच्या सीटवर होते. मला लाज वाटायला हवी होती. वाटत नव्हती. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तसा मी सगळाच झालो होतो. आई गेली तेव्हाही असाच होतो. पाऊस कधीच थांबला होता. वायपर बंद कर, असं बायकोने मला दोनदा सांगितलं तेव्हा मी तो बंद केला.

सिग्नलला मागून त्या म्हणाल्या, "त्या राजाला पहिल्या राणीचा मुलगा होता का हो?"

"होता."

"तो हिला काय म्हणायचा?"

माझ्याकडे कशालाही उत्तर असतं. नसलं तर मी बनवतो.

"गाइडने सांगितलं नाही."

"विचारायचंत की," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्या चहाला लागल्या. बायकोने डबे सकाळीच हलवले होते, त्यामुळे साखरेसाठी एकेक कपाट उघडून बघत होत्या. मी दारात उभा होतो.

"मावशी, वरच्या कपाटात."

शब्द तोंडातून पडला. काही झालं नाही. हलकंही वाटलं नाही.

त्यांनी वरचं कपाट उघडून डबा काढला. "तुला किती घालू?"

"एक."

सोफ्यावरून वडील फोनमधून मान वर न काढता म्हणाले, "नुसतं मावशी म्हणायला या गाढवाला जर्मनीहून राजा आणावा लागला."