कात्रप ते उल्हासनगर, पाचोळ्याच्या खताचं पोतं घेऊन

लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून लोक पेढे नेतात. मी पोतंभर खत नेलं. झालं असं, की मृणालचं लग्न होऊन जेमतेम महिना झाला आणि तिच्या सासरची तुळस वाळायला लागली. शेजारीच राहणाऱ्या जावयांच्या आत्याबाई लगेच म्हणाल्या, "सुनेचा पायगुण, दुसरं काय." मृणाल फोनवर रडली. माझं डोकंच फिरलं.

"स्कूटर काढा," मी ह्यांना सांगितलं.

सोसायटीतला पाचोळा मी भोकं पाडलेल्या ड्रममध्ये, आंबट ताक आणि गुळाचं पाणी शिंपडून कुजवते. घरात त्याला अजून कचराच म्हणतात.

जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. चिखलोलीपर्यंत रस्ता मोकळा मिळतो, अंबरनाथला मात्र रखडायला होतं. तिथे सिग्नलला एका रिक्षावाल्यानं ह्यांच्या पायाशी ठेवलेलं पोतं बघून विचारलं, "काका, तांदूळ काय, वाडा कोलम?"

"घरचा आहे," हे म्हणाले.

उल्हासनगरला आधी दाल-पकवान खाल्लं. खिशाला परवडतं, आणि भांडायला जाताना पोट भरलेलं बरं.

विहीणबाई पोत्यात डोकावून मागेच सरकल्या. "अहो, तुळशीत कचरा घालायचा?"

"पिंपळाचा पाला आहे त्यात."

पिंपळ ऐकून त्या निवळल्या. बदामाचा पालाच जास्त होता, पण पिंपळाचीही थोडी पानं होती. खोटं नाही बोलले.

कुंडी उपडी केली तर माती वर विटेसारखी, खाली नुसता चिखल. मुळांनी श्वास घ्यायचा कुठून? दोन वाट्या माती, एक वाटी चाळलेलं खत, मूठभर वाळू, एवढंच लागतं. पाणी रोज ओतायचं नाही, बोटानं माती चाचपून मगच घालायचं. तुळस मी मुद्दाम मृणालच्या हातून लावून घेतली, आत्याबाईंच्या समोर. उरलेलं खत तिच्या बाल्कनीत ठेवलं.

परतताना मात्र वाटलं, तुळस जगली नाही तर पोरीला जन्मभर ऐकावं लागणार, तेही माझ्यामुळे.

परवा तिचा फोन आला. तुळशीला पालवी फुटली होती. आत्याबाई आता सगळ्यांना सांगत होत्या, सुनेचा पायगुण फार चांगला. खताचं कोणी नावही काढलं नाही, म्हणून मी चिडले.

"आई, ऐक तरी," मृणाल म्हणाली. "आत्याबाईंची पण तुळस वाळलीये. मला बोलावलंय, पाऊल टाकून जा म्हणून."

"मग जा की."

"जाते गं. पण पायगुण संपत आलाय. अर्धं पोतं पाठव."