मोजपट्टीबाईंनी विचारलेला प्रश्न

आमच्या गणित विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे मोजपट्टी म्हणायचे. फळ्यावरची रेघ जराशी वाकडी आली की त्या ती पुसून पुन्हा काढत. विभागप्रमुख होण्याची त्यांना मुळीच हौस नव्हती. आधीचे प्रमुख तडकाफडकी सोडून गेले आणि माळ यांच्या गळ्यात पडली.

मी त्याच विभागात, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा. माझ्या तासाला मुलं मागच्या दाराने सटकत. मला ते दिसत होतं, पण मी काणाडोळा करत होतो.

त्या वर्षी खासगी कॉलेजांतल्या प्राचार्यांसाठी आणि विभागप्रमुखांसाठी एका हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर भरलं. बाई गेल्या; तिथलं सगळं मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं. दोन दिवस पडद्यावर बाण आणि वर्तुळं फिरली. कुणाला काही शंका आहे का, असं वक्त्यांनी विचारलं, तेव्हा बाई उभ्या राहिल्या. वीस वर्षं शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला, तुमचं शिकवणं आता मुलांपर्यंत पोचत नाही, हे कसं सांगायचं, असा त्यांचा प्रश्न होता. वक्ते घुटमळले आणि चहाची वेळ झाल्याचं म्हणाले.

जेवताना मात्र बाईंच्या टेबलाभोवती अकराजण खुर्च्या ओढून बसले. प्रत्येकाच्या कॉलेजात असा एक माणूस होताच. एका वयस्कर प्राचार्यांनी सांगितलं, की त्यांनी अशा एका मित्राला पत्राने कळवलं आणि तो मित्र पुन्हा कधी बोलला नाही. ते बाईंच्या मनाला लागलं.

सोमवारी स्टाफरूम रिकामी झाल्यावर त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"सर, उद्या मी तुमच्या तासाला मागे बसते. परवा तुम्ही माझ्या तासाला बसा."

माझं डोकंच फिरलं. "एवढ्या वर्षांनी माझी परीक्षा घेताय?"

"माझीही आहे की," त्या म्हणाल्या. "मलाही आजवर कुणी काही सांगितलेलं नाही."

त्या बसल्या, मग मीही त्यांच्या तासाला बसलो. मी सगळा तास फळ्याशीच बोलतो, हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं. प्रश्न विचारून त्या उत्तराला वेळच देत नाहीत, हे मीही सांगून टाकलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी आठवडाभर फुगून बसलो, मग एके दिवशी फळ्याकडे पाठ करून शिकवायला लागलो. वर्ग काही एकदम भरला नाही. पण दिवाणखान्यातल्या पाहुण्यासारखी अवघडून बसणारी मुलं हळूहळू शंका विचारू लागली.

पुढच्या शिबिरात एक तास बाईंना मिळाला. पडदा नको, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. त्या मला सोबत घेऊन गेल्या आणि साठ-सत्तर माणसांपुढे मी काढलेली त्यांची चूक त्यांनी सगळ्यात आधी सांगितली. मग ते वयस्कर प्राचार्य उठले आणि आपल्या मित्राला आजच फोन करतो म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी त्यांचं तोंडभरून कौतुक करायला निघालो, तर त्यांनी तपासायच्या उत्तरपत्रिकांचा अर्धा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला.