दोनदा गाळलेला चहा

कराडला नदीतला गाळ काढायचं काम चालू आहे. त्यावर देखरेख करणारे साहेब मला रोज काठावरच्या चहाच्या गाड्यावर भेटतात. चहा त्यांना दोनदा गाळून लागतो. तळाशी चिमूटभर चोथा दिसला तरी कप परत. "घशाला लय तरास हुतो, गुरुजी," म्हणतात आणि गळ्यावरून हळूच हात फिरवतात. इतक्या नाजूक गळ्याच्या माणसावर नदी सोपवली आहे, ही समाधानाची गोष्ट.

त्यांचं यंत्र तळ उकरतं आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला लांबपर्यंत पाणी चहाच्या रंगाचं होतं. माशांची पिल्लं काठाला येऊन तोंड वर काढतात. मी एकदा म्हणालो, "पिल्लांच्या कल्ल्यांत गाळ बसतोय. गुदमरतायत ती."

"आवं, मासं हायती ती. जल्मल्यापास्नं पाण्यातच हायती. त्यास्नी काय हुतंय?"

परवा मी ग्लासभर नदीचं पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं. तांदळाएवढी पाच-सहा पिल्लं त्यात धापा टाकत होती. साहेबांनी ग्लास उजेडाला धरून बराच वेळ पाहिला. मला वाटलं, लागलं मनाला. मग त्यांनी चहावाल्याची गाळणी घेतली, ते पाणी एका रिकाम्या कपात गाळलं आणि कप माझ्यापुढे सरकवला.

"आता सांगा गुरुजी, कोण गुदमरतंय ह्यात?"

पाणी होतं तसंच गढूळ होतं. पिल्लं तेवढी गाळणीत राहिली होती.

साहेबांनी गाळणी चहावाल्याला परत दिली. "माझ्या चहाआधी धू रं ही," ते म्हणाले, आणि गळ्यावरून हळूच हात फिरवला.