शिवण बाहेरच्या बाजूला

पहिलीच्या प्रवेशाची यादी करत शाळेत बसले होते. पाच नावं झाली होती. सहावं कुठून आणावं या विचारात असताना लातूरहून रेश्माचा फोन आला. "ताई, अम्मी गेली. सकाळी च्या मागितला, अन् कप हातात घेतलाच न्हाई..." शमीम खाला महिनाभर लेकीकडे गेली होती, परत येणार होती. मला आधी रडू आलं नाही, राग आला. सगळं तोंडावर सांगणारी ही बाई, अशी न सांगता जातेच कशी? दीड महिना झाला, राग अजून उतरलेला नाही.

कंधारात आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं शिलाई मशीन. गल्लीतल्या सगळ्यांचीच ती खाला, म्हणजे मावशी. शिवायची फक्त तान्ह्या बाळांचं... झबली, टोपरी, कुंच्या. आमच्याकडे बाळाचं पहिलं झबलं नव्या कापडाचं नसतं, लेकुरवाळीच्या जुन्या लुगड्याचं असतं. जिच्या पोटी चार-पाच लेकरं, तिचा गुण बाळाच्या आईलाही लागावा म्हणून. माझी आई लवकर गेली, त्यामुळे माझं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. सासूबाईंनी देगलूरहून सहा लेकरांच्या एका नातलग बाईची साडी मुद्दाम मागवली. खालानं ती उजेडात धरली, गालाला लावली आणि परत केली. "आक्का, हे टेरिकॉट हाय. लेकराला घामोळ्या आणायच्यात का?" मग आतून स्वतःची जुनी सुती ओढणी घेऊन आली. "ही मऊ हाय. पण मला दोनच लेकरं. चालंल का?" सासूबाई काही बोलायच्या आत कात्री चाललीसुद्धा होती.

झबलं आलं ते उलटं. मला तरी तसंच वाटलं, सगळी शिवण बाहेर, दोरे दिसताहेत. घाईत चुकलं का, म्हणून विचारलं तर हसली. "शिवण आतून घेतली की दिसायला चांगलं. पण टोचतं कुणाला? बघणाऱ्याला थोडंच टोचतं!"

माझी ओवी पाच वर्षांची झाली तरी दुसरं नाही, तेव्हा खापर त्या ओढणीवर फुटलं. दोन लेकरांच्या बाईचं कापड लावलं म्हणून कूस अडली, असं सासूबाई चारचौघींत सांगायच्या. खरं कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. दुसरं नको, असं आमचं ठरलं होतं. नवरा आईसमोर मिठाची गुळणी धरून बसायचा, आणि मी तरी कुठं बोलत होते! आळ खालावर येत होता आणि मी गप्प होते, याची आजही लाज वाटते. एका दुपारी सासूबाई तिला म्हणाल्या, "तुमच्यात बरं हाय बाई, घरं लेकरांनी भरलेली." खालानं मशीनवरचा पाय काढला. "आमच्यात म्हंजे कुठं, आक्का? आम्ही नऊ भावंडं. अम्मी मला हाक मारायची तर आधी चौघींची नावं घ्यायची, माझं नाव येईस्तोवर मी पळून गेलेली असायची. मला दोन झाली. रेश्माला एक. तुमच्या सासूला किती होती, तुम्हाला किती झाली? सगळ्याच घरात हेच हाय." मग माझ्याकडे वळली. "बेटा, तुला पाहिजे का दुसरं?" लग्नाला आठ वर्षं झाली होती. हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता... "नको," मी म्हटलं. "मग झालं की," म्हणून तिनं मशीन पुन्हा सुरू केलं. सासूबाई तिच्याशी पुढं दोन वर्षं बोलल्या नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून घरात मान वर करून वावरू लागले.

हळूहळू तिच्याकडचं काम आटलं. ब्लाऊज शीव, शाळेचे ड्रेस शीव, लोकांनी सांगून पाहिलं. ऐकेल तर शपथ! आठवड्याला एखादं झबलं यायचं, त्यावर दोन-दोन दिवस बसायची. टीव्हीवर कुणी जास्त मुलं होऊ द्या म्हणून सांगू लागलं की खवळायची. "आमच्या वेळेला भिंतीभिंतीवर लिहिलं, थांबा. आता सांगून राहिलेत, चला. बाई म्हंजे काय एसटी हाय का?" पण माझीही पंचाईत होतीच. पट असाच घटला तर शाळा बंद पडेल, ही धास्ती मला रोजची. गेल्या वर्षीही पहिलीला पाचच आली, तेव्हा तिच्यापुढं रडगाणं गायले तर तिनं मलाही सोडलं नाही. "तुझ्या शाळेसाठी दुसरीनं पोटुशी ऱ्हायचं का? पाच आलेत ना, त्यांना शिकव की जीव लावून." मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत मात्र पाचही जणांना जवळ घेऊन बसले.

गेल्या आठवड्यात शेजारच्या घरात नात झाली. शेजारीण लेकुरवाळीचं कापड शोधत सासूबाईंकडे आली. गल्लीत आता चार लेकरांची तरणी आई उरलेलीच नाही. मी उठले आणि ट्रंकेतून माझी धुऊन धुऊन विरलेली सुती साडी काढली. "एका मुलीच्या आईची आहे," मी म्हटलं. "चालेल का?" शेजारीण सासूबाईंकडे बघू लागली. मीही त्यांच्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली नाही. सासूबाईंनी साडीचा पदर हातात घेतला, गालाला लावला... "मऊ हाय," एवढंच म्हणाल्या.

खालाचं मशीन रेश्मानं मलाच दिलंय. त्यावर झबलं मीच शिवलं. बाह्या वेड्यावाकड्या झाल्या, दोनदा उसवाव्या लागल्या. शिवण मात्र बाहेरून घेतली. शेजारणीनं झबलं हातात घेऊन फिरवून पाहिलं. "बाई, हे उलटं दिसतंय."

"दिसू द्या," मी म्हटलं.