सरांची टळलेली तपासणी

डॉ. विनायक दिघे सरांशी माझी ओळख झाली ती माझ्याच एका चुकीमुळे. मी तेव्हा बडोद्यात नुकतीच सीटी स्कॅन वाचायला लागले होते. नंदेसरीच्या कारखान्यातले फोरमन रमणभाई यांच्या यकृतातली कॅन्सरची गाठ सरांनी काढली होती. त्यांची पहिली तपासणी छान आली आणि मी हौसेने सांगून टाकले, "बधुं साफ छे, सगळं साफ आहे, आता चिंता सोडा." रमणभाईंनी चिंता सोडली आणि पुढच्या तपासण्याही सोडल्या. आठ महिन्यांनी आले, तेव्हा यकृतात दुसरी गाठ होती.

"साहेब, आ बहेने ज कह्युं हतुं," या बाईंनीच तसं सांगितलं होतं, असे ते सरांना म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सर मात्र रागावले नाहीत. "चूक आमची आहे," असे त्यांनी रमणभाईंना सरळ सांगितले. गाठ लहान होती, सुई घालून जाळता आली. नंतर सर मला म्हणाले, "अगं, गाठ आपण काढतो, पण ती जिथं उगवली ते बिघडलेलं यकृत पोटातच राहतं. माणसाला धीर द्यावा, पण मोकळं सोडू नये."

सर स्वतः कुणालाच मोकळे सोडत नसत. सावली गावच्या एक बहेन तपासणीची तारीख चुकवून फोनही उचलेनात, तेव्हा रविवारी सर आणि वहिनी थेट त्यांच्या शेतावर गेले. येताना गाडीत त्या बहेन होत्या आणि त्यांनी आग्रहाने दिलेली पोतेभर वांगी. आम्ही सगळ्यांनी आठवडाभर ती खाल्ली.

दोन वर्षांपूर्वी सरांच्याच यकृतात गाठ निघाली. पूर्वी कधी शस्त्रक्रिया करताना बोटात सुई टोचून झालेला हिपॅटायटिस बी आत मुरला होता. गाठ वेळेत काढली गेली. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी त्यांचा स्कॅन मी वाचते. सर शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघतात, आणि मी मनात देवाचा धावा करत असते. माझ्याइतकी देवभोळी रेडिऑलॉजिस्ट बडोद्यात दुसरी नसेल.

यावेळची तारीख मात्र सरांनी टाळली. दांडिया बाजारातल्या घरून वहिनींचा फोन आला, "तू तरी सांग गं, माझं ऐकत नाहीत." मी गेले. सर म्हणाले, "पंचाहत्तरीचा समारंभ होऊन जाऊ दे. लोक हार घेऊन येणार, आणि मी काय तोंड पाडून बसू?"

"सर, सावलीच्या बहेन असं म्हणाल्या असत्या तर?"

सर म्हणाले, "भीती वाटते गं." इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला. मलाही वाटते, रोज वाटते. तारीख उलटून सहा आठवडे झाले. हा गौरवग्रंथ वाचकांच्या हाती पडेल तेव्हाही तपासणी झालेली नसेल.

पंचाहत्तरीनिमित्त सगळे सरांना शंभर वर्षांचे आयुष्य चिंततील. सर, माझी एवढे एकदम मागायची छाती होत नाही. मी तीन महिने मागते. ते मिळाले की पुढचे तीन मागेन. काही निघालेच, तर ते लहान असतानाच निघू दे. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठची वेळ तुमच्यासाठी ठेवली आहे. वहिनींना घेऊन, उपाशीपोटी या.