अठ्ठावन्न ठोके

रामदासपेठेतल्या बागेत रोज सकाळी एक निवृत्त गृहस्थ बाकावर बसून स्वतःची नाडी मोजायचे. मी नमस्कार केला, तरी मिनिट संपेपर्यंत नुसत्या भुवया उडवायचे. बोललं की आकडा वाढतो, हा त्यांचा नियम. मग खापरखेड्याच्या वीजकेंद्रात सारी नोकरी काढलेले ते गृहस्थ खुशीत सांगायचे, "अठ्ठावन्न! बॉयलर मस्त चालून राहिला गा."

आता माझं घड्याळच दिवसभर ठोके मोजतं. त्याच्याकडे पाहिलं की एक सकाळ आठवते. बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदाच बागेत आलो होतो. त्यांनी स्वतःची नाडी अर्धवट सोडली आणि माझं मनगट धरलं. एक मिनिट झालं, दोन झाली, तरी त्यांचा हात सुटेना.

"किती भरले?" मी विचारलं.

ते म्हणाले, "मोजलेच नाही गा."